तिसऱ्या चढाईचा वास

पहिल्या दोन चढायांना रावजी मैदानाच्या पलीकडच्या अंगाने गेला आणि आला. तिसऱ्या चढाईला मात्र तो हरिश्चंद्राच्या बाजूने आत शिरला, पारवाडीच्या कोपऱ्यातल्या गड्याला त्याने पायाचं बोट लावलं, अंग वळवलं, आणि परतताना मध्यरेषेपाशी हरिश्चंद्राच्या इतक्या जवळून गेला की त्याच्या 'कबड्डी कबड्डी'तला शेवटचा दम हरिश्चंद्राच्या गालावर येऊन आदळला. दम गरम होता, आणि त्याला वास होता. हरिश्चंद्राचा हात वर गेला, शिटी वाजली, बंदरवाडीला एक गुण मिळाला, पारवाडीचा गडी मान खाली घालून बाहेर जाऊन बसला आणि लोकांनी टाळ्या पिटल्या. हे सगळं हातापायांनी आपलं आपण केलं. दहा वर्षांच्या पंचगिरीत ते इतके तयार झाले होते की त्यांना डोक्याची गरज लागत नसे. डोकं त्या वेळी गालावरच थांबलं होतं. पारवाडीचा चढाईपटू निघाला, हरिश्चंद्र रेषेवरून त्याच्याबरोबर सरकला, त्याचा दम सुटतो का याकडे कान लावला, आणि कान लावता लावता त्याच्या ध्यानात आलं की आपण आता ऐकत नाही आहोत, हुंगतो आहोत.

पहिली शंका त्याला स्वतःचीच आली. दारू सोडल्याला अकरा वर्षं होऊन गेली होती, पण सुरुवातीची दोन-तीन वर्षं हा वास त्याला कुठेही यायचा. गॅरेजात डिझेलच्या डब्यातून यायचा, मे महिन्यात अंगणात पडलेल्या रायवळ आंब्यांतून यायचा. एकदा तर सकाळी पेज पिताना तो वाडग्यातूनच आला आणि हरिश्चंद्राने वाडगा तसाच खाली ठेवला. त्याची बायको सगुणा काही न विचारता तो उचलून आत घेऊन गेली आणि चहा घेऊन आली. त्या वासाचं घर त्याच्या आतच होतं, आणि तो मनात येईल तेव्हा ओसरीवर येऊन बसायचा. पण आत्ताचा वास तसा नव्हता, कारण त्यात लवंग होती. आतून येणाऱ्या वासाला कुणी लवंग लावत नाही. हरिश्चंद्राचा बाप माडी काढायचा, कमरेला कोयता आणि पाठीला मडकं बांधून दिवसाकाठी वीस-वीस माड चढायचा. स्वतः तो थेंबाला शिवला नाही, पण मुलाचं नाक त्याने तयार केलं. पहाटेची माडी गोड, दुपारची आंबट, काजूची नाकाच्या शेंड्याला झोंबणारी, आणि गुळाची गावठी, जिच्यात नवसागर पडलेला असतो, ती नाकात न शिरता टाळूला जाऊन बसणारी. आत्ता हरिश्चंद्राच्या टाळूला बसलं होतं ते हेच, आणि वरून लवंग. न प्यायलेला गडी तोंडात लवंग धरून चढाईला जात नाही. दम घेताना ती घशात जाईल. म्हणजे संशयाला जागा उरली नव्हती. तो चुकला नव्हता. आपण चुकलेलो नाही याचं त्याला क्षणभर बरंही वाटलं, आणि मग ते बरं वाटणं त्याला आवडलं नाही.

कारण हा सामना साधा नव्हता. तीन वर्षांपूर्वीच्या शिमग्यात बंदरवाडीची पालखी आणि पारवाडीची पालखी तिठ्यावर समोरासमोर आल्या, कोणती पुढे जाणार यावरून दोन्हीकडचे तरुण एकमेकांवर गेले, आणि धूळ खाली बसली तेव्हा बंदरवाडीचा विठू रस्त्यावर पडलेला होता. वय बावीस. सोड्याची बाटली कुणी फेकली ते कुणालाच सांगता आलं नाही, कारण दोन्ही वाड्यांतले जेवढे हात त्या वेळी वर होते तेवढे सगळे प्यालेले होते. केस चालली आणि कुणावरच काही सिद्ध न होता संपली. त्यानंतर दोन्ही वाड्यांनी एकमेकांशी खेळणं सोडलं, आणि दर शिमग्याला दोघांच्याही घरांतली माणसं पोरं परत येईपर्यंत दारात उभी राहू लागली. हरिश्चंद्र ना या वाडीचा ना त्या वाडीचा. पण कबड्डीमुळे दोन्हीकडच्या पोरांना त्याचा शब्द ठाऊक होता. हा सामना त्याने जमवला. बंदरावर मिठाचं एक जुनं गोदाम पडून होतं, भिंती शाबूत, छप्पर गेलेलं. ते नीट करायचं, म्हणजे बोटीवरून उतरलेल्या पोरांना संध्याकाळी गुत्त्याखेरीज बसायला दुसरी जागा होईल. मुंबईचा एक माणूस, जो स्वतः दारूतून उठला होता आणि इतरांना उठवत होता, तो महिन्यातून दोनदा येऊन त्यांच्यात बसेल. आणि पालख्यांचं काय ते शिमग्याआधी तिथेच बोलून होईल. त्यासाठी तिकीट लावून हा मदतीचा सामना. सगळं गाव लोटलं होतं. शाळेतली बाकं आणली होती, माडाच्या झावळ्यांचा मांडव घातला होता, आणि पहिल्या रांगेत मधल्या खुर्चीवर विठूची आई सोनूबाई बसली होती. तिच्या डाव्या हाताला भागोजीशेठ, ज्याच्या चार मोठ्या बोटी होत्या आणि ज्याने सामना चांगला झाला तर गोदामाचं छप्पर आपण घालू असं माईकवरून जाहीर केलं होतं. सकाळी देवीपुढे गाऱ्हाणं झालं. दोन्ही कप्तानांनी नारळावर हात ठेवून सांगितलं की आमच्यातला एकही गडी दारू पिऊन मैदानात पाय टाकणार नाही. बंदरवाडीचा कप्तान रावजी होता. तो विठूचा जिवाभावाचा दोस्त, आणि जिल्ह्यात त्याच्यासारखा चढाईपटू दुसरा नव्हता. अर्धे लोक त्यालाच बघायला आले होते.

खेळ चालू होता. रावजी आता चौथ्यांदा गेला, हात हलवत परत आला, आणि या वेळी हरिश्चंद्राने मुद्दाम एक पाऊल पुढे टाकून त्याला जवळून जाऊ दिलं. वास होताच. पाय मात्र पक्के होते, डोळा बरोबर होता. फार घेतली नव्हती, असेल घोट-दोन घोट. मध्यंतराला आठ मिनिटं होती. आठ मिनिटं डोळ्यांवर कातडं ओढून घ्यायचं, मध्यंतरात रावजीला बाजूला घ्यायचं, पाय मुरगळला असं जाहीर करायचं आणि त्याच्या जागी राखीव गडी उतरवायचा. कुणाचं काही बिघडत नव्हतं. सामना नीट पार पडेल, छप्पर होईल, शिमग्याला तीन आठवडे राहिलेत ते सुखाने जातील. उलट आत्ता, दोन्ही वाड्यांसमोर, कप्तानाचा हात धरून बाहेर काढला तर पारवाडी हसेल, पारवाडी हसली की बंदरवाडी उठेल, आणि तीन वर्षांपूर्वी तिठ्यावर झालं ते या वेळी भर मैदानात, त्या बाईच्या डोळ्यांपुढे होईल. हरिश्चंद्राने हा हिशेब मांडला आणि त्याला तो ओळखीचा वाटला. हाच हिशेब सत्तावीस वर्षांपूर्वी दुसऱ्या एका माणसाने मांडताना त्याने पाहिला होता.

तो माणूस दादू मास्तर. नाटे गावात जत्रेचे सामने होते, अंतिम फेरी होती, आणि पंच दादू मास्तर होते. हरिश्चंद्र तेव्हा पंचविशीत होता आणि माडीच्या दोन ग्लासांशिवाय आपल्या पायांत वारं भरत नाही अशी त्याची समजूत होती. पहिल्याच चढाईला दादू मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं. ते पाहणं हरिश्चंद्र अजून विसरला नव्हता. त्यांना कळलं होतं. त्यांच्या नाकपुड्या किंचित हलल्या, ओठ उघडले, मग त्यांनी प्रेक्षकांकडे नजर फिरवली, नाट्याच्या खाडीपासून टेकडीपर्यंत माणसं दाटली होती, आणि ओठ मिटले. रेषेवरून जाताना ते हलक्या आवाजात एवढंच म्हणाले, सांभाळून खेळ. मोठे मायेचे गृहस्थ होते. शेवटच्या मिनिटाला आत्माराम नावाचा नाट्याचा गडी चढाईला आला. हरिश्चंद्राने त्याचा घोटा धरला, पकड पुरी झाली, शिटीही वाजली. ती हरिश्चंद्राला ऐकू आली होती. त्याने सोडलं नाही. आत्मारामाला त्याने तसाच उचलला आणि आपटला. गुडघ्यातून जो आवाज आला तो सुकी झावळी मोडावी तसा होता. आत्मारामाची मुंबईला पोलिसांच्या संघात निवड व्हायची होती. ती झाली नाही. पुढे नाट्याच्या बंदरात तो जाळी विणायला बसला, आणि बसलाच. संध्याकाळी दादू मास्तर हरिश्चंद्रापाशी आले, त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, खेळात होतं असं. त्या पाठीवरच्या हाताने हरिश्चंद्राचं जेवढं वाईट केलं तेवढं माडीनेही केलं नसेल. कुणी रागावलं असतं, मारलं असतं, सामन्यांतून काढून टाकलं असतं, तर निदान एक भिंत आडवी आली असती आणि तो तिच्यावर डोकं आपटून थांबला असता. तसं झालं नाही. रस्ता मोकळा होता आणि तो सोळा वर्षं त्या रस्त्याने चालत राहिला.

थांबला तोही कुणाच्या सांगण्याने नाही. गॅरेजात असताना एका दुपारी त्याने आंब्याच्या ट्रकचे ब्रेक जोडले. हाताला काम येत होतं, डोळे अर्धे मिटलेले. दुसऱ्या दिवशी सकाळी विडीसाठी खिशात हात घातला तर बोटांना कॉटरपिन लागली, ब्रेकच्या दांड्याला घालायची. ट्रक पहाटेच आंबा घाटाकडे निघून गेला होता, आणि परतताना तो घाट त्याला उतरायचा होता. हरिश्चंद्र गॅरेजच्या पायरीवर ती पिन मुठीत धरून बसला. कुणाला सांगायची हिंमत झाली नाही, सांगून उपयोगही नव्हता. ऊन पायऱ्यांवरून खाली सरकत गेलं. मालकाने दोनदा हाक मारली, मिस्त्री, काय झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी ट्रक परत आला, धुळीने माखलेला, ड्रायव्हर सदू शीळ घालत खाली उतरला आणि म्हणाला, ब्रेक जरा ढिले लागतायत. हरिश्चंद्र ट्रकखाली आडवा झाला, पिन घातली, आणि तिथेच ट्रकखाली तोंडावर फडकं दाबून रडला. त्या दिवसापासून त्याने दारूला हात लावला नाही. दुसऱ्या वर्षी पंचाची परीक्षा दिली. लोकांना वाटलं, गडी सुधारला, खेळाची सेवा करतोय. त्याच्या मनात सेवा वगैरे काही नव्हतं. त्याला फक्त शिटी हवी होती, वेळेवर वाजणारी.

आणि तिची वेळ आत्ता झाली होती. हे ठरवण्यात त्याला वाटलं होतं तेवढा जोर लागला नाही. आत कुठेतरी काहीतरी सरळ झालं, घट्ट बसलं, आणि त्याच्या लक्षात आलं की हा निर्णय त्याने आज घेतलेलाच नाही. दहा वर्षं प्रत्येक सामन्याला तो हाच निर्णय घेण्याचा सराव करत होता. रावजी पाचव्यांदा मध्यरेषेकडे निघाला होता. हरिश्चंद्राने लांब शिटी दिली, दोन्ही हात वर करून खेळ थांबवला आणि रावजीला बोटाने खुणावलं. रावजी आला. उंच, काळासावळा, कपाळावर माती. जवळ येताच त्याने मान किंचित बाजूला वळवली, दम दुसरीकडे जावा म्हणून. ही युक्ती हरिश्चंद्रालाही येत होती.

"काका," रावजी ओठ न हलवता म्हणाला, "पाय मुरगळला म्हणून सांगा. मी लंगडत जातो."

"पाय बरा आहे तुझा."

रावजीने पाहिलं. त्याच्या डोळ्यांत राग येईल असं हरिश्चंद्राला वाटलं होतं, आणि रागासाठी तो तयार होता. राग आला नाही. तो पहिल्या रांगेकडे पाहू लागला, आणि मग लगेच नजर काढून जमिनीकडे. "ती समोर बसलीय," तो म्हणाला. "सकाळी नारळावर हात ठेवला तेव्हा खरोखरच ठेवला होता, काका. पण दुपारी आलो आणि ती समोरच. तिच्यापुढे कोरड्या तोंडाने उतरवेना मला." मग तो आणखी हळू म्हणाला, "त्या शिमग्याला बाटली मीच आणली होती. विठू नको म्हणत होता. मी त्याला पाजली."

तीन वर्षांत हे कुणी बोललं नव्हतं. हरिश्चंद्राला ते ठाऊक नव्हतं, आणि आत्ता, हजारभर माणसांच्या मधोमध उभं राहून ते ऐकायची त्याची तयारीही नव्हती. त्याला एकदम वाटलं की या पोराच्या पाठीवर हात ठेवावा. हात उचललाही गेला. मग त्याने तो रावजीच्या पाठीवर न ठेवता खांद्यावर ठेवला, घट्ट, बोटं रुतेपर्यंत, आणि म्हणाला, "तुझं ते तू तिला सांग. माझं काम मी करतो." आणि तो गुणलेखकाच्या टेबलापाशी गेला, माईक उचलला आणि ज्या आवाजात तो गुण जाहीर करायचा त्याच आवाजात म्हणाला की बंदरवाडीचे कप्तान रावजी दारू पिऊन मैदानात उतरले आहेत, ठरल्याप्रमाणे त्यांना सामन्यातून बाहेर काढलं आहे, बंदरवाडीला बदली गडी मिळणार नाही, ती सहा जणांत खेळेल.

पारवाडीच्या बाजूने कुणीतरी शीळ घातली, कुणीतरी हसलं, आणि बंदरवाडीची सगळी बाजू, बाकांवरची आणि बाकांमागची, एका अंगाने उठली. बाबल्या दोर ओलांडून आत आला. तो बंदरवाडीचा जुना खेळाडू, आता बोट चालवणारा तांडेल, छाती रुंद, आवाज समुद्रावर पोचणारा. "मिस्त्री," तो म्हणाला, आणि ते मैदानाच्या दुसऱ्या टोकालाही ऐकू गेलं, "अकरा वर्सांमागं तुमाला आमीच गटारातून उचलून घरी पोचवायचो. आणि तुमी आमच्या कप्तानाचा वास घेतायसा?"

हरिश्चंद्र हे कधीतरी, कुठेतरी, कुणीतरी म्हणेल याची अकरा वर्षं वाट पाहत होता. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या त्याने याची किती उत्तरं जुळवली होती. त्यातलं एकही आता आठवलं नाही, आणि आठवण्याची गरजही वाटली नाही. "होय," तो म्हणाला. "म्हणूनच ओळखला."

माईक चालूच होता. ते शब्द मांडवभर झाले. मागे कुणीतरी हसलं, पण ते हसणं मघाच्यासारखं नव्हतं, आणि बाबल्या, ज्याच्या तोंडात पुढचं वाक्य तयार होतं, तो ते तोंडातच धरून उभा राहिला. हरिश्चंद्र पारवाडीच्या बाजूला वळला आणि म्हणाला की ज्याने आत्ता शीळ घातली त्याने पुन्हा घातली तर पारवाडीचाही एक गडी कमी होईल. असा नियम कुठल्याही पुस्तकात नव्हता. तो त्याने तिथल्या तिथे केला, आणि तो इतक्या सरळ आवाजात सांगितला की कुणालाही शंका आली नाही. पण बंदरवाडीची बाजू उभीच होती. भागोजीशेठ उठून टेबलापाशी आला, घामाघूम, आणि म्हणाला की मिस्त्री, पाच-दहा मिनिटं कळ काढली असतीत तर काय आभाळ कोसळत होतं, माणसाला प्रसंग कळायला पाहिजे. हरिश्चंद्राने त्याला सांगितलं की प्रसंग कळला म्हणूनच केलं. शेठ म्हणाला, मग छपराचं तुम्हीच बघा, आणि मांडवाच्या बाहेर पडला. त्याच्यामागोमाग पाचपन्नास माणसं उठून गेली. उरलेली गेली नाहीत. ती जात का नाहीत हे हरिश्चंद्राला आधी कळलं नाही. मग दिसलं की सगळे एकाच दिशेला पाहत आहेत.

सोनूबाई खुर्चीवरून उठली होती. पायांतल्या वहाणा तिने खुर्चीपाशी काढल्या, देवळात जाताना काढाव्यात तशा, आणि चुन्याच्या रेषा ओलांडून ती मैदानात आली. लहानखुरी बाई, नऊवारी गुडघ्याच्या जरा खालीच आलेली, कारण आयुष्यभर मासळीच्या पाट्या उचलल्या होत्या आणि तशीच नेसायची सवय. ती बाबल्याच्या बाजूने गेली तेव्हा बाबल्या मागे सरकला. रावजी मध्यरेषेवर उभा होता, हात लोंबत. ती त्याच्यापुढे थांबली. तिला त्याच्या तोंडाकडे बघायला मान मागे टाकावी लागली.

"पिऊन आलायस?"

"व्हय."

हरिश्चंद्र टेबलापासून धावत निघाला होता तो अर्ध्यावर थांबला. ती मारील असं त्याला वाटलं, आणि मारलं तर आपण मध्ये पडायचं नाही हेही त्याने ठरवलं. तिने मारलं नाही. तिने रावजीचं मनगट धरलं, बाजारात गर्दीतून पोराला नेतात तसं, आणि म्हणाली, "चल. माझ्या बाजूला बस." शेठची खुर्ची रिकामीच झाली होती. रावजी त्या खुर्चीत बसला, आणि आपले मातीचे गुडघे कुठे ठेवावेत हे त्याला कळेना. ती आपल्या जागी बसली, पदर सारखा केला आणि हरिश्चंद्राकडे पाहून हात हलवला. चालू कर, असा. बंदरवाडीचे लोक एकेक करून खाली बसले. सगळ्यात शेवटी बाबल्या बसला, दोराच्या आत, जमिनीवरच. त्याला बाहेर जा म्हणून सांगायला हवं होतं, पण हरिश्चंद्राने ते सोडून दिलं.

पुढचं सांगायचं तर बंदरवाडी तो सामना सहा गुणांनी हरली. भागोजीशेठने छप्पर घातलं नाही. ते दोन वर्षं रखडलं आणि पुढे बाबल्याने आपल्या बोटीच्या जुन्या फळ्या आणून दोन्ही वाड्यांच्या पोरांकडून ते घालून घेतलं, एका कोपऱ्यात अजून गळतं. त्या शिमग्याला पालख्या तिठ्यावर समोरासमोर आल्या तेव्हा भांडण झालं, पण शब्दांचं झालं. दोन्ही वाड्यांतली माणसं त्या दिवशी दारात उभी राहिली नाहीत. ती पालखी बघायला गेली. रावजी काही एका दिवसात सुटला नाही. तो दोनदा घसरला, दोन्ही वेळा गोदामात येऊन स्वतः सांगून गेला. पण हे सगळं नंतरचं, आणि हरिश्चंद्राला त्या दुपारचं विचारलं तर तो यातलं काही सांगत नसे. तो सांगायचा ती उत्तरार्धातली सात-आठ मिनिटं.

बाजू बदलल्यामुळे तो आता पहिल्या रांगेच्या अंगाच्या रेषेवर होता. सहा जणांची बंदरवाडी आपल्या अर्ध्या मैदानात हातात हात धरून उभी होती, आणि मधे एक जागा मोकळी असल्यामुळे त्यांची साखळी सारखी ताणली जात होती. पाठीमागून त्याला रावजीचा आवाज ऐकू आला. आवाज अगदी लहान होता, शब्द कळत नव्हते, पण तो बराच वेळ एकटाच बोलत होता, अडखळत, थांबत, आणि पुन्हा सुरू करत. काय सांगतोय ते हरिश्चंद्राला न ऐकताही ठाऊक होतं. त्याने वळून पाहिलं नाही. पारवाडीची एक चढाई झाली, बंदरवाडीची एक झाली, त्याने गुण दिले, आणि पाठीमागे सगळं गप्प झालं. ती उठून गेली असेल, त्याला वाटलं. की तो गेला असेल. एक आख्खी चढाई त्याने त्या गप्पपणाकडे पाठ करून काढली, आणि त्याच्या दहा वर्षांतली ती सगळ्यात लांब चढाई होती. मग सोनूबाईचा आवाज आला, कोरडा, पण तिचाच.

"तो भायेर का गेला?"

"कोण?"

"तो आता गेला तो. लाल चड्डीवाला. मना यातला काय कळत नाय. विठू सांगायला बसायचा आन मी म्हणायची, पाट्या कोण उचलील."

त्याला हात लागला म्हणून गेला, रावजी म्हणाला. आता त्यांचा एक मारला की हा परत आत येईल. ती म्हणाली, म्हणजे गेलेला परत येतो. रावजी म्हणाला, यात येतो. मग बराच वेळ ती विचारत राहिली आणि तो सांगत राहिला, हा दम का धरतो, ही रेष कशासाठी, त्याने पाय असा का टाकला. हळूहळू रावजीच्या आवाजातली ती दाबलेली पट्टी सुटली, आणि तो आपला आपण सांगू लागला, बघा, आता तो वळेल, बघा, वळला. हरिश्चंद्र रेषेवरून पुढेमागे सरकत होता. जवळ आला की ऐकू यायचं, लांब गेला की बंद व्हायचं, आणि आपण पुन्हा कधी त्या टोकाला जातो याची तो वाट पाहू लागला होता.

"विठू कुठं उभा ऱ्हायचा?" तिने विचारलं.

"डाव्या अंगाला, टोकाला. माझा हात धरून असायचा."

"आता तिथं कोण हाय?"

"रामा. चांगला हाय. पण घाई करतो."

नेमका त्याच वेळी पारवाडीचा सगळ्यात जड गडी रामाच्या कोपऱ्यात शिरला होता आणि रामाचा पाय पुढे येऊ लागला होता. रावजी खुर्चीतून अर्धा उठला. "रामा, थांब," तो ओरडला, "येऊ दे त्याला, येऊ दे." रामा थांबला. चढाईपटू आणखी एक पाऊल आत आला, आणि रामाने त्याचा घोटा धरला, साखळी मिटली, पाच जण त्याच्यावर पडले. बंदरवाडीची बाजू उठून नाचू लागली आणि पारवाडीचेही दोन म्हातारे टाळ्या वाजवताना दिसले. हरिश्चंद्राने गुण दिला. मग तो पहिल्या रांगेकडे वळला, शिटी वाजवली, आणि मैदानाबाहेरून खेळाडूला सूचना दिल्याबद्दल रावजीला रीतसर ताकीद दिली.

"आता काय झालं?" सोनूबाईने विचारलं.

"मला गप ऱ्हायला सांगतायत."

तिने हरिश्चंद्राकडे पाहिलं, मग रावजीकडे, आणि आपली खुर्ची त्याच्या बाजूला थोडी ओढून घेतली.

"त्यांचा बरोबर हाय," ती म्हणाली. "तू मना सांग. हळू सांग."